व्याही, आज कुठवर?

व्याही,

तुमच्या दहाव्याला एवढी माणसं लोटली, की कोपरगावची बाजारपेठ बंद ठेवावी लागली.

झालं. तुम्ही गेल्यावरसुद्धा माझं पहिलंच वाक्य असं निघालं. तुम्ही असता, तर फोनमध्ये जरा वेळ गप्प बसला असता आणि मग हळूच विचारलं असतं, "बंद म्हंजी कुठली कुठली दुकानं बंद हुती, व्याही?" आणि मी अडकलो असतो. म्हणून आधीच सांगून टाकतो. दुकानं सगळी उघडी होती. माणसं बेताची होती. भावकी, गल्लीतले शेजारी आणि कारखान्यातले तुमच्याबरोबरचे रिटायर झालेले काही जण. त्यातले एक तर झाडाच्या सावलीत बसून चक्क घोरत होते.

पेपरात तुमचा फोटो आला. तुम्ही कुठं जन्मलात, कुठं नोकरी केलीत, मागं कोण कोण आहे, ते सगळं फोटोखाली छापलंय. ते मी इथं परत सांगत नाही. फोटो माझ्या अशूच्या आणि तुमच्या महेशच्या लग्नातला आहे. डोक्यावर फेटा आहे. तो फेटा मुलीकडच्यांनी, म्हणजे आम्ही बांधला होता, हे मात्र कुणी छापलं नाही.

आपली ओळख लग्नात झाली, पण खरी गाठ पडली ती पाण्याच्या पेल्यावरून. मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. आता ती कोण पाळतंय? मी पाळायचो. मला पाळताना चार लोकांनी बघावं, हा त्यातला मुख्य भाग. अशूला पहिल्यांदा भेटायला आलो, तेव्हा मिरजगावहून घरचं पाणी बरोबर घेऊन आलो होतो. बाटलीच होती, पण गावात सांगताना मी टँकर सांगतो. तुमच्या ओसरीत बसून मी ती बाटली तोंडाला लावली आणि आत स्वयंपाकघरात अशूच्या डोळ्यांत पाणी आलं. विहीणबाई पदर सावरत दाराआड उभ्या होत्या. दुसरा कुणी व्याही असता, तर मानपानाचा तंटा झाला असता. तुम्ही पेला घेऊन आलात आणि म्हणालात,

"पिऊ नका. रीत ती रीत. नुसता हातात धरा. हिनं घासून आनलाय, तिला बरं वाटंल."

हातात धरायला काय जातंय? धरला. पुढच्या खेपेला तुम्ही म्हणालात, "आज व्हटाला लावा. गिळू नका." लावला. त्याच्या पुढच्या खेपेला, "तोंड वलं झालंच हाय, तर एक घोट घ्या. घोटाला कोन पानी पेलं म्हनतंय?" मग गुळाचा खडा आला, मग चहा आला. नात जन्मायच्या कितीतरी आधी मी तुमच्या पाटावर बसून येळवण्याची आमटी अशी ओरपत होतो, की आवाज शिर्डीपर्यंत जात असावा. एकदा मी विचारलं, "व्याही, माझी रीत मोडलीत की हो तुम्ही." तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत म्हणालात, "मोडली कुठं? झिजली."

तेव्हाच मला कळायला हवं होतं, की हा माणूस धोकादायक आहे.

तुमचा जन्म साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेला. माझा गेला जनावरांच्या बाजारात. मी हेडी. म्हणजे बैल एकाचा, पैसा दुसऱ्याचा आणि तोंड माझं. म्हाताऱ्या बैलाकडं बघून मी असं बोलायचो, की तो बैलच मान ताठ करून तरुण व्हायचा. तुम्ही मात्र बोलायच्या आधी शब्द काट्यावर ठेवून बघायचात. आपला वाद तिथूनच सुरू झाला. तुम्ही म्हणायचात, "मानूस रोज जे करतो, त्योच मानूस. बाकी सगळी बडबड." मी म्हणायचो, "चुकताय. माणूस जे सांगतो, तोच माणूस. केलेलं कोण बघायला आलंय? सांगितलेलं मागं राहतं." या वादापायी आपण किती चहा थंड केले, ते विहीणबाईंना विचारावं. वाद काही मिटला नाही. मिटवायची घाई दोघांनाही नव्हती.

मग मध्ये माझा पाय आला.

शुगर मला होतीच. तिला मी पाहुणीसारखी वागवत होतो, पेढा पुढं करून. एकदा चप्पल चावली, जखम चिघळली आणि अंगठ्याशेजारचं बोट नगरच्या दवाखान्यात ठेवून परत यावं लागलं. गावात मी सांगितलं, की लांडग्यानं नेलं. जखम भरली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता मऊ बूट घ्या, रोज पाय तपासा, रोज चाला. पुढच्या वेळी बोटावर भागणार नाही." अशू कोपरगावहून फोनवर रडली. मी तिला वचन दिलं. माझं वचन म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. "उद्यापासून रोज राशीनच्या देवीपर्यंत चालत जाणार आणि चालत येणार," असं मी साऱ्या पारावर जाहीर केलं. पहिल्याच दिवशी हायवेच्या पेट्रोल पंपापर्यंत गेलो, तिथून टेम्पोत बसून आलो, दोन्ही पाय भोपळ्यासारखे झाले आणि देवीला सांगितलं, की तूच आता इकडं ये.

अशूनं ते तुमच्या कानावर घातलं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन आला.

"व्याही, बूट घेतलं म्हनं नवं?"

"घेतले. पण पाय सुजलेत. आता चालणं बंद."

"चाला म्हनून मी कुठं म्हनलं? बूट घाला आन् ओसरीत बसा."

"बसू? आणि?"

"आन् काय न्हाई. चहा घ्या. मग काढून ठिवा."

मला वाटलं, थट्टा करताय. पण बसलो. आमच्या सौभाग्यवती झाडू मारत आल्या, माझ्या पायांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "नवरदेव, वरात कधी निघायची?" रोज सकाळी तुमच्याकडं दूधवाला येऊन गेला, की माझा फोन वाजायचा. "घातलं का बूट?" एवढंच. शेवटी बूट घालून नुसतं बसायची मलाच लाज वाटायला लागली आणि मी अंगणाच्या फाटकापर्यंत जाऊन आलो. तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही शाबासकी दिली नाहीत. म्हणालात, "बरं. उद्या फाटकाला हात लावून या." जणू मी काल हात न लावताच आलो होतो! तसाच आलो होतो, ती गोष्ट वेगळी.

आणि मग मी खोटं बोलायला लागलो. त्याला माझा इलाज नव्हता. रोज सकाळी एक माणूस तुम्हाला विचारतोय, "व्याही, आज कुठवर?" आणि तुम्ही सांगायचं "फाटकापर्यंत"? हेडीच्या तोंडाला हे शोभतं का? एक दिवस मी अंथरुणातूनच फोन उचलला आणि म्हणालो, "आज पाझर तलावाच्या भिंतीवर गेलो होतो. समोरून लांडगा आला. मी रामराम घातला, त्यानं मान हलवली आणि वाट दिली. बहुतेक माझं बोट खाल्लेला तोच असावा. ओळख होती."

तुम्ही जरा वेळ गप्प. मग म्हणालात, "भिंतीवर कुठं भेटला? सांडव्याच्या अलीकडं का पलीकडं?"

"पलीकडं."

"सांडव्याला पानी हुतं?"

आता सांडव्याला पाणी आहे का नाही, हे मला काय ठाऊक? मी म्हणालो, "गडबडीत बघितलं नाही."

"लांडगा समूर आसल्यावर कसं बघनार? बरोबर हाय. उद्या बघून सांगा."

दुसऱ्या दिवशी तुम्ही लांडग्याची विचारपूस केली नाही. सांडव्याचीच केली. तिसऱ्या दिवशीही. शेवटी शिव्या देत देत बूट चढवले आणि गेलो. थांबत, बसत, बाभळीला टेकत गेलो. सांडवा कोरडा होता, पण खाली ओल होती आणि तिथं एक टिटवी होती. ती माझ्या अंगावर अशी धावून आली, जणू मी तिचा बांध कोरलाय. फोनवर तुम्हाला मी ती टिटवी गरुडाएवढी करून सांगितली. तुम्ही विचारलंत, "अंडी कुठल्या अंगाला आसतील?" आणि मी परत बघायला गेलो.

तेव्हा कळलं, व्याही, की खोटं बोलायलासुद्धा कच्चा माल लागतो. तुम्ही मला एकदाही "खोटं बोलताय" म्हणाला नाहीत. नुसती मापं विचारत राहिलात. लांडगा, कोल्हा, काळविटांचा कळप, एकदा तर आमच्या माळावर बिबट्या आणि त्याची बायको यांचं भांडण मी सोडवलं. प्रत्येक जनावर कुठं उभं होतं, सूर्य कुठल्या बाजूला होता, वाटेत ज्वारी काढून झाली होती का, हे तुम्हाला पाहिजे असायचं. त्यासाठी मला तिथवर जावं लागायचं. गेलो, की जनावर नसायचं. बाकी सगळं असायचं.

एकदा मीच न राहवून विचारलं, "व्याही, तुम्हाला माझं खरं वाटतं का हो?"

तुम्ही म्हणालात, "कारखान्यावर भरली गाडी काट्यावर घ्यायची. मग उसाची मोळी न् मोळी उतरवून रिकामी गाडी परत काट्यावर घ्यायची. भरलीतनं रिकामी वजा केली, की ऊस. तुमच्या गोष्टीतनं बिबट्या वजा केला, की चालनं उरतंय. तेवढं मला पुरं."

मी हसलो. आमच्या डॉक्टरांना माझ्या शुगरचा रिपोर्ट बघून हसू आलं, ते त्यानंतर थोड्याच दिवसांनी.

माझं सांगून झालं, की मी उलट विचारायचो, "आणि तुम्ही, व्याही? तुम्ही आज कुठवर?" तुमचा नेम कित्येक वर्षांचा. घरून निघून गोदावरीच्या घाटावर जायचं, नदी बघायची, परत यायचं. सांगणंही तसंच. "घाटावर गेल्तो. पानी कमी हाय. एक म्हस बसलीय पान्यात. आलो परत." मी म्हणायचो, "अहो, हे काय सांगणं झालं? ना चव, ना मीठ. ती म्हैस तरी जरा उडवायची!" तर तुम्ही विचार करून म्हणायचात, "बसलेली म्हस कशी उडंल?"

दिवाळीनंतर मी तुमच्याकडं यायचं काढलं, तर तुम्ही नको म्हणालात. "एस्टीत कोनतरी पायावर पाय दिल. उन्हाळ्यात या, निवांत." अशूला विचारलं, तर तीही म्हणाली, "उन्हाळ्यातच या, अप्पा." बाप असून मला तिच्या आवाजातलं काही कळलं नाही. मी त्या वेळी एका तरसाची गोष्ट रचण्यात गुंतलो होतो.

त्या दिवशी सकाळी फोन वाजला. तुमचाच नंबर. माझी गोष्ट तयार होती. हॅलो न म्हणताच मी सुरू झालो, "व्याही, आज विजेच्या खांबावर मोर बसला होता, आणि खाली वायरमन त्याला हात जोडून…" पलीकडून नुसता श्वास. मला वाटलं, तुम्ही नेहमीसारखे तोलताय. मी मोराचा पिसारा फुलवला. खांब वाकवला. मग पलीकडून अशू म्हणाली, "अप्पा… अप्पा, थांबा ना…"

तो मोर अजून खांबावरच आहे, व्याही. त्याला खाली उतरवायचा कसा, मला माहीत नाही.

आलो तो धावतपळत, पायात हाताला लागल्या त्या चपला घालून. तुम्हाला गोदाकाठी पोचवून घरी आलो, तेव्हा कुठं मला तुमची पुढची खोली नीट दिसली. खिडकीखाली कॉट. पाठीला टेकायला उशांची चळत. उशाला ऑक्सिजनचं मशीन, औषधांचा डबा, भिंतीशी टेकवलेला वॉकर. मी महेशला विचारलं, "हे कुणाचं?" महेश अशूकडं बघायला लागला. अशू म्हणाली, "आण्णांचं. दिवाळीपासून. हृदयाचा जोर कमी झाला होता. दारापर्यंत गेले तरी धाप लागायची."

"दिवाळीपासून? अगं, परवापर्यंत ते घाटावर जात होते! मला रोज सांगायचे!"

मग कोपऱ्यातून विहीणबाई बोलल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी कधी थेट बोलल्या नव्हत्या. सगळं अशूमार्फत, नाहीतर दाराआडून. त्या दिवशी पदरही सारखा न करता सरळ माझ्याकडं बघून म्हणाल्या,

"घाटावर मी जात हुते."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या तोंडून, व्याही!

"पयल्या दिशी हे म्हनले, नदीला पानी केवढं हाय, बघून ये. मी म्हनलं, कशाला? म्हनले, व्याह्याला सांगायचंय. मी म्हनलं, खरं सांगून टाका की, जाता येत न्हाई म्हनून. तर म्हनले, मी थांबलो म्हनलं की त्यो बी बसंल. त्याला निमित्तच पायजे आसतंय."

"आणि तुम्ही रोज…"

"रोज. आदी नुसती जाऊन यायची. मग इचारायला लागले, म्हस कुनाची हुती? कोन धुनं धूत हुतं? मला सांगताच यायचं न्हाई. म्हनून मग नीट बघाया लागले. माझं गुडघं धरलेलं आसायचं, ते जरा सुटलं त्यानं." मग त्यांनी कॉटकडं बघितलं. "तुमच्याशी बोलून झालं, की लई येळ पडून ऱ्हायचे. बोलल्यानं दम लागायचा. तुमची गोष्ट चालू आसली, की फोन बाजूला धरून श्वास घ्यायचे. मंग पुढचं इचारायचे."

म्हणजे ते तुमचं गप्प बसणं, व्याही. मी समजत होतो, तुम्ही माझी थाप काट्यावर ठेवताय. तुम्ही दम खात होता.

मला राग आला. अजून आहे. बैलाचे दात बघून मी त्याचं वय सांगतो, गिऱ्हाइकाच्या चालीवरून त्याच्या मनातला आकडा ओळखतो आणि मला तुम्ही एका म्हशीवर गंडवलंत! बसलेल्या म्हशीवर! मी आयुष्यभर बिबटे, लांडगे, गरुड खर्च केले आणि एकाही शहाण्या माणसाला माझं पटलं नाही. तुम्ही म्हणालात "पानी कमी हाय" आणि मी मान डोलावली. असलं खोटं मला जन्मात साधणार नाही. आणि तुम्ही ते झोपून, नाकाला नळी लावून सांगत होता.

मला कळलं असतं, तर मी आलो असतो. पायाची पर्वा केली नसती. कॉटशेजारी बसून तुम्हाला सगळं तोंडावर सांगितलं असतं, तुमचं हसू डोळ्यांनी बघितलं असतं. फोनमध्ये तुम्ही हसायचात का, तेही मला ठाऊक नाही. तुम्ही माझा पाय वाचवलात आणि माझी भेट खाल्लीत. याचे आभार मानू, का भांडू? व्याह्या-व्याह्यांत आभार मानायची पद्धत नाही, आणि भांडायला आता तुम्ही नाही.

आपला वाद घ्या. तुम्ही म्हणायचात, माणूस रोज जे करतो, तोच माणूस. आणि तुम्ही रोज काय केलंत? सांगितलंत. मी म्हणायचो, माणूस जे सांगतो, तोच माणूस. आणि मी रोज काय केलं? चाललो. आपण दोघं हळूच उठून एकमेकांच्या बाजूला जाऊन बसलो होतो, आणि एकानं दुसऱ्याला पत्ता लागू दिला नाही. हे तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही काय म्हणाला असता? मी गेले दहा दिवस तुमच्या आवाजात उत्तर लावून बघतोय. लागत नाही. माझ्या आवाजातच येतं, आणि लांबलचक येतं.

या दिवसांत मी एक पाऊलही चाललो नाही. कुणाला सांगायला चालू? चपलेनं जुन्या जखमेशेजारी फोड आणला. आधी मी तो धोतराखाली झाकला, पण अशूच्या नजरेनं तो टिपला. "अप्पा, या पायानं चपला? डॉक्टर काय म्हणाले होते?" मी म्हणालो, "काही नाही गं, मुंगी चावली." तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू ती एकाच महिन्यात दोन बापांना पोचवायची तयारी करतेय. महेशनं त्याचे मऊ बूट आणून माझ्यापुढं ठेवले. डॉक्टरकडं नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. मी बूट बघितले आणि बाजूला सारले.

मग दहावा. पिंड ठेवले आणि आम्ही मागं सरलो. कावळे झाडावर भरपूर, पण एकही खाली येईना. महेश पुढं झाला. "आण्णा, आईला काही कमी पडू देणार नाही." कावळा ढिम्म. तुमचे धाकटे भाऊ पुढं झाले. "दादा, बांधाचं आपलं मिटलं. मी काय बोलत न्हाई आता." कावळ्यानं चोच पुसली. ऊन चढायला लागलं. कुणीतरी पुटपुटलं, "मनात काहीतरी ऱ्हायलंय मानसाच्या."

विहीणबाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. "तुमी म्हना."

"काय म्हणू?"

"ठावं हाय तुमाला."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. एवढे लोक बघत असले, की माझं काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. मी छाती काढून पुढं गेलो आणि हात वर करून गर्जलो, "व्याही! रोज चालीन! जन्मभर चालीन! मिरजगाव ते कोपरगाव चालत येईन!"

कावळ्यानं माझ्याकडं मान वाकडी करून बघितलं आणि पाठ फिरवली. मागं कुणीतरी खुदकन हसलं. माझी ख्याती त्याच्यापर्यंतसुद्धा पोचलेली.

मी खाली बसलो, पिंडाजवळ, आणि तुम्हालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "उद्या. उद्याचं तेवढं कबूल. घाटापर्यंत. परवाचं परवा बघू."

आणि व्याही, कावळा खाली आला. यात मी एक पीसही वाढवलेलं नाही. विहीणबाईंना विचारा.

आज सकाळी उठलो. दूधवाला येऊन गेला. फोन वाजला नाही. मी महेशचे बूट पायात घातले, नाडी बांधली आणि बाहेर आलो, तर फाटकाशी विहीणबाई उभ्या. शेजारची बाई कुंपणावरून म्हणाली, "अगं बाई, तेरावा व्हायचाय आजून, आन् कुठं निघालीस?" विहीणबाई म्हणाल्या, "पानी बघून येते," आणि चालायला लागल्या. त्या पुढं, मी मागं. व्याही-विहिणीत असावं तेवढं अंतर ठेवून. त्या वळणावर थांबायच्या. माझ्यासाठी थांबल्यात, असं दाखवायच्या नाहीत. मी जवळ आलो, की पुढं निघायच्या. फोड दुखत होता. एकदा कट्ट्यावर टेकलो. त्या बऱ्याच पुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि रस्त्याकडं बघू लागल्या.

घाटावर त्या काही न बोलता नदी बघत राहिल्या. मीही बघितली. पहिल्यांदाच, कशालाही मोठं न करता. मग आम्ही परत फिरलो.

घरी आलो, तर महेशनं कॉट अंगणात काढून उभी केलेली. खिडकीखाली जागा मोकळी होती. फरशीवर चार पायांचे डाग. विहीणबाई उंबऱ्यात थांबल्या. सवयीनंच थांबल्या असणार. त्या मोकळ्या जागेकडं तोंड करून म्हणाल्या,

"वरनं पानी सोडलंय. खालची पायरी बुडालीय."

आत कुणी काही विचारलं नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग वळून माझ्याकडं बघितलं, आता मी काही सांगीन म्हणून. माझ्या जिभेवर सगळं जमा झालं होतं. मगरी होत्या, होड्या होत्या, पूर होता.

मी म्हणालो, "व्हय, व्याही. बुडालीय. मी बघितली."